मेडिकलच्या काउंटरवर कांट: कर्तव्य पाहून निर्णय कसा घ्यायचा

रात्रीचे पावणेदहा. शटर अर्धं ओढलेलं, पोऱ्या गल्ला मोजत बसलेला. शटरखालून वाकून एक ओळखीचे गृहस्थ आत आले. "झोपेच्या गोळ्यांचं एक पाकीट द्या. चिठ्ठी उद्या आणून देतो."

कराडात माझं मेडिकल आहे, २७ वर्षं झाली. डी. फार्म. करून दुकान टाकलं आणि पुढे बऱ्याच वर्षांनी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून तत्त्वज्ञानात एम. ए. केलं. बायको त्याला अजून 'रिकामपणचा उद्योग' म्हणते. नीतिशास्त्राच्या पेपरात कांट या जर्मन तत्त्वज्ञावर उत्तर लिहून मार्क चांगले पडले होते. पण ते उत्तर मला समजलं ते काउंटरमागे उभं राहून, आणि तेही हप्त्याहप्त्याने. ते वापरायचं कसं, एवढंच इथे सांगतो. कांट वाचलेला नसला तरी अडणार नाही. एक वही मात्र लागेल.

नीतीचा प्रश्न समोर आला की आपण बहुतेक जण विचारतो, याने होईल काय? कोणाचं नुकसान, कोणाचा फायदा? या विचाराला उपयुक्ततावाद म्हणतात, बेंथम आणि मिल या इंग्रजांनी त्याचं शास्त्र केलं. कर्तव्यवादी माणूस त्याच्या आधी दुसरंच विचारतो. होणारं होईल ते होईल, पण हे करायला मी मोकळा आहे का? परिणाम त्यालाही दिसतात. फक्त पंगतीत पहिला पाट तो त्यांना देत नाही.

या विचाराचा मोठा माणूस म्हणजे इमॅन्युएल कांट. १७२४ साली कोनिग्जबर्ग या प्रशियातल्या बंदराच्या गावी जन्मला. (ते गाव आता रशियात आहे, नाव कालिनिनग्राद.) बाप घोड्याचे चामडी पट्टे आणि साज बनवणारा कारागीर. पोरगा त्याच गावात शिकला, तिथेच प्राध्यापक झाला, १८०४ साली तिथेच गेला. एकेरी लिहितोय, पण इतकी वर्षं माझ्या काउंटरवर बसून आहे, आता 'अहो-जाहो' जमत नाही. त्याची ऊठबस व्यापाऱ्यांत होती, ग्रीन नावाचा एक इंग्रज व्यापारी तर जिवलग मित्र. म्हणूनच की काय, १७८५ साली नीतीच्या पायाबद्दल त्याने जे छोटं पुस्तक लिहिलं त्यात सुरुवातीलाच एक दुकानदार येतो. हा दुकानदार सगळ्यांना एकच भाव लावतो, लहान पोर आलं तरी फसवत नाही. कांट विचारतो, हा प्रामाणिक आहे का? वागणं तर बरोबर आहे. पण तो असं वागतो ते धंदा टिकावा म्हणून की प्रामाणिक राहायलाच हवं म्हणून? मी स्वतः दुकानदार असल्याने हे पान वाचताना मला घाम फुटला होता. या दुकानदाराकडे शेवटी परत येतो.

पहिलं काम: मनातला नियम वहीत लिहा

आपण काहीही करतो तेव्हा मनात एक नियम चाललेला असतो. तो कधी पूर्ण वाक्यात नसतो, आणि तिथेच सगळी चोरी होते. कांट म्हणतो तो नियम बाहेर काढा. मी त्यासाठी एक साचा केलाय: 'जेव्हा अमुक असेल, तेव्हा मी तमुक करीन, म्हणजे ढमुक होईल.' परिस्थिती, कृती, हेतू. तिन्ही हवेत, आणि हेतू तर हवाच हवा.

दुकानात झोपेच्या गोळ्यांसाठी आमच्याकडे एक रजिस्टर असतं. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे कायद्याने ठरवलेली औषधांची एक यादी, लागू झालं. त्यात बरीच अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि अल्प्राझोलामसारख्या सवय लावणाऱ्या गोळ्या आहेत. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, हे लिहून रजिस्टर तीन वर्षं जपायचं. त्याच्या शेजारी माझी एक साधी शंभरपानी वही असते, उधारीची. तिच्या मागच्या पानांवर मी ही वाक्यं लिहितो. उधारीच्याच वहीत का, तर ती रोज उघडावी लागते म्हणून.

त्या रात्री पहिलं वाक्य मनात आलं ते असं: 'माणूस अडचणीत असेल तर त्याला मदत करावी.' वा! हे वाक्य सगळ्या कसोट्यांतून पास होतं, कारण त्यात मी काय करणार होतो तेच नाही. दुसरं वाक्य, जरा खरं: 'ओळखीच्या माणसाला रात्रीच्या वेळी एक पाकीट द्यायला हरकत नाही.' 'हरकत नाही' हे शब्द दिसले की समजावं, हेतू खाली दडपलाय. तिसरं वाक्य लिहायला मला पाच मिनिटं लागली असती. तेवढा वेळ नव्हता, म्हणून मनातच म्हटलं, वहीत नंतर उतरवलं: 'जेव्हा गिऱ्हाईक ओळखीचं असेल आणि मला दुकान बंद करायची घाई असेल, तेव्हा चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी द्यायची, म्हणजे वाद टळतो आणि गिऱ्हाईक टिकतं.'

हे खरं वाक्य. लाजिरवाणं आहे म्हणूनच खरं असावं. या पायरीवर माझा तरी हाच अनुभव: लिहिलेलं वाक्य बायकोला दाखवायला संकोच वाटला तर ते वाक्य बरोबर उतरलंय.

वाक्य लिहिताना दोन लबाड्या होतात. एक वर सांगितली, फार थोर शब्द वापरायचे. दुसरी, वाक्य इतकं बारीक करायचं की ते फक्त आपल्यालाच बसावं. 'सोमवारी रात्री, पावसात, मुलीच्या लग्नाच्या महिन्यात...' अशा वेळी वाक्यातली नावं, वार आणि तारखा खोडा. खोडल्यावर जे उरतं तोच नियम.

दुसरं काम: तोच नियम सगळ्यांच्या हाती द्या

ही कांटची प्रसिद्ध कसोटी. त्याने तिला जे नाव दिलं त्याचं मराठीत 'निरुपाधिक आदेश' असं भाषांतर करतात, म्हणजे 'तुला अमुक हवं असेल तर' अशी अट नसलेला आदेश. कसोटी साधी आहे: माझा हा नियम सगळ्यांचाच नियम झाला तर चालेल, असं मी मनापासून म्हणू शकतो का?

इथे बहुतेक जण घसरतात. 'सगळ्यांनी असं केलं तर किती वाईट होईल' असा हिशेब करू लागतात. तो पुन्हा परिणामांचाच हिशेब झाला. कांट वेगळंच पाहतो: नियम सगळ्यांचा झाला की तो स्वतःलाच खातो का? त्याचं उदाहरण कर्जाचं आहे. फेडता येणार नाही हे माहीत असून एक माणूस 'फेडतो' असा शब्द देऊन पैसे घेतो. सगळेच असं करायला लागले तर 'फेडतो' या शब्दाला कोणी विचारणार नाही, ऐकून हसतील. मग खोटा शब्द देऊन पैसे मिळवायची युक्तीच उरत नाही. आपल्याकडे किराणा दुकानात 'आज रोख उद्या उधार' अशी पाटी असते ना, ती म्हणजे हेच. 'उद्या' हा शब्द सगळ्यांनी वापरून वापरून एवढा झिजला की दुकानदाराने त्याचीच पाटी केली.

आता माझं वाक्य घ्या. गावातल्या प्रत्येक मेडिकलवाल्याने ओळखीच्या माणसाला चिठ्ठीशिवाय गोळी दिली तर? तालुक्याच्या गावात प्रत्येक जण कोणाच्या ना कोणाच्या ओळखीचा असतोच. चिठ्ठी लागेल ती फक्त एस.टी.तून नुकत्याच उतरलेल्या परक्याला. पण मी जी सूट देत होतो ती कशाच्या जिवावर? बाकीचे सगळे चिठ्ठी मागतात, एकंदर व्यवस्था उभी आहे, त्यात माझा एक अपवाद खपून जाईल, या जिवावर. नियम राहावा, फक्त आज माझ्यापुरता नको. ही वृत्ती कांटने अचूक पकडली आहे. आपल्याला नियम मोडायचा नसतोच, आपल्याला त्यातून सूट हवी असते.

समोरचा 'उद्या आणतो' म्हणत होता ते खरं की खोटं, ही मात्र माझी कसोटी नव्हे. ते त्याचं वाक्य, त्याने तपासावं. दुसऱ्याच्या वहीत लिहायला आपल्याला फार आवडतं, म्हणून सांगितलं.

काही नियम स्वतःला खात नाहीत, तरी नापास होतात. माझंच उदाहरण. 'रविवारी दुकान पूर्ण बंद ठेवायचं, म्हणजे आराम मिळतो.' सगळ्या मेडिकलवाल्यांनी हेच केलं तर जग बुडत नाही, पण मला ते चालेल का? रविवारी माझ्याच आईला दम लागला तर? मी असं जग मागू शकत नाही. म्हणजे आराम करायचाच नाही? नाही, वाक्य चुकलं होतं. 'दुसरं कोणी उघडं असेल त्या दिवशी मी बंद ठेवीन' असं लिहिलं आणि ते सरळ पास झालं. मग जवळच्या चार-पाच दुकानदारांनी मिळून रविवारच्या पाळ्या लावल्या. नापास झालेला नियम टाकूनच द्यावा लागतो असं नाही, कधी कधी नीट लिहिला की सुटतो.

तिसरं काम: समोरच्याला सगळं कळलं तर तो हो म्हणेल का?

कांटने हाच आदेश दुसऱ्या शब्दांतही सांगितला आहे: माणसाला, मग तो दुसरा असो की तुम्ही स्वतः, केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे. इथे 'केवळ' या शब्दाखाली जाड रेघ मारा. गिऱ्हाईक माझं पोट भरायचं साधन आहेच, आणि मी त्याला औषध मिळायचं. त्यात पाप नाही. दोघांनाही सगळा व्यवहार माहीत आहे आणि मान्य आहे. गडबड तेव्हा होते जेव्हा माझा बेत समोरच्याला कळला तर बेतच फसेल.

औषधाच्या धंद्यात हे रोज दिसतं. अशक्तपणा वाटतोय म्हणून म्हातारी येते. जास्त मार्जिनची टॉनिकची बाटली पुढे सरकवायची आणि म्हणायचं, "आजी, डॉक्टर लोक हेच देतात." यातलं मार्जिन लपवलं तरच बाटली खपते. म्हणजे आजींच्या डोक्याला वळसा घालून त्यांच्या पिशवीत हात घातला. "आजी, हे टॉनिक आहे, चालतं, पण आधी रक्त तपासा" असं म्हणून विकलं तर तोच व्यवहार सरळ. बाटली निम्म्या वेळा खपत नाही, हेही सांगून टाकतो.

आणि नकार देतानाही हीच कसोटी लागते, हे मला फार उशिरा कळलं. चिठ्ठी नसलेल्या माणसाला टाळायला आम्हा मेडिकलवाल्यांची एक ठरलेली युक्ती असते: "संपल्यात हो, उद्या माल येईल." वाद नाही, वाईटपणा नाही. पण हे खोटंच की. समोरच्याला समज आहे, त्याला कारण सांगता येतं, हे मी मानलंच नाही, त्याला नुसता दारातून परतवला. त्या रात्री मी म्हणालो, "गोळ्या आहेत. चिठ्ठीशिवाय देत नाही." ते चिडले. "मला काय व्यसनी समजता?" मग आवाज उतरला. चौथी रात्र होती, डोळ्याला डोळा नव्हता. पोऱ्याला सांगून स्टूल पुढे केलं, त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सकाळचा नऊचा नंबर लावून दिला. गोळी नाही म्हणणं हे एक कर्तव्य, आणि माणूस असाच सोडू नये हे दुसरं. पहिलं उरकलं की दुसरं आपोआप उरकत नाही. ते गृहस्थ त्यानंतर वर्षभर माझ्या दुकानात आले नाहीत, समोरच्या मेडिकलमध्ये जाताना दिसायचे.

एक अवघड प्रसंग सांगतो. मुलगा वडिलांच्या केमोच्या गोळ्या न्यायला यायचा. आधीच सांगून ठेवलेलं, "दादा, आप्पांना कॅन्सरचं सांगितलं नाही. आले तर पोटाच्या गोळ्या म्हणा." आणि एक दिवस आप्पा स्वतःच आले. स्ट्रिप हातात उलटीपालटी करत म्हणाले, "ही कशावरची ओ?" मागे मुलगा, माझ्याकडे बघत हात जोडून उभा.

अशा वेळी कांटच्या आयुष्यातली एक गोष्ट कामाला येते. धर्मावरच्या लिखाणावरून १७९४ साली प्रशियाच्या राजाची त्याच्यावर खप्पामर्जी झाली. कांटने लिहून दिलं की 'महाराजांचा अत्यंत निष्ठावंत प्रजाजन म्हणून' मी धर्मावर काही प्रसिद्ध करणार नाही. राजा १७९७ साली वारला, कांट पुन्हा लिहायला मोकळा! या राजाचा प्रजाजन, एवढाच शब्द त्याने दिला होता आणि तो मुद्दामच तसा लिहिला होता. हा वकिली कावा वाटतो, मलाही थोडा वाटतो. पण त्यात एक फरक आहे आणि तो घट्ट धरून ठेवण्यासारखा आहे. जे बोलायचं ते खरंच असलं पाहिजे. पण खरं आहे ते सगळंच बोललं पाहिजे असं नाही.

मी म्हणालो, "आप्पा, हे डॉक्टरांनी सांगायचं. पण तुम्ही विचारा त्यांना. विचाराच. तुम्ही विचारलं की ते सांगतील." आप्पांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मुलाला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या घरातलं मी फोडणार नाही, पण माझ्या तोंडून पोटाची गोळी म्हणवून घेऊ नका. आयुष्य त्यांचं आहे, उरलेल्या दिवसांत काय करायचं तेही त्यांनीच ठरवायचं. मुलगा काही बोलला नाही.

चौथं: दोन कर्तव्यं एकाच दारात उभी राहतात तेव्हा

इथवर कांट बरोबर चालतो. इथे माझी आणि त्याची वाट थोडी फुटते.

१७९७ साली कांटने एक निबंध लिहिला. खुनी तुमच्या दारात येऊन विचारतो, तुमचा मित्र घरात लपलाय का? खोटं बोलावं का? कांट म्हणाला, नाही, तरीही नाही. त्याचे चाहतेसुद्धा या निबंधापाशी खाली मान घालतात.

आपल्याकडे याचं उत्तर महाभारतात आधीच देऊन ठेवलंय. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. तपस्वी खरा, पण फारसा बहुश्रुत नव्हे. राहायचा नद्यांच्या संगमाजवळ. (आमच्या प्रीतिसंगमावर संध्याकाळी बसलो की मला तो हमखास आठवतो.) कायम खरं बोलायचं त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने माणसं रानात लपली, दरोडेखोरांनी येऊन याला विचारलं, याने खरं सांगितलं, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. टिळकांच्या १९१५ साली छापून आलेल्या 'गीतारहस्या'त कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात याच प्रश्नाचा कीस पाडला आहे. कर्तव्यासाठी कर्तव्य म्हटलं की आपल्याकडे लगेच 'हे तर गीतेतच आहे' म्हणतात. फळावर नजर ठेवू नये इथपर्यंत आहेही. पण कांटचं कर्तव्य कोणत्या घरात जन्मलात यावरून ठरत नाही, ते सगळ्यांच्या बुद्धीला सारखंच लागू आहे. तेवढा फरक विसरू नये.

माझ्या दारातला खुनी असा आला. संध्याकाळी एक जण थोडी घेऊन आला, काउंटरवर मूठ आपटून म्हणाला, "आमची मंडळी हितनं कसल्या गोळ्या नेती?" त्याची बायको माझ्याकडून गर्भनिरोधक गोळ्या न्यायची. मी म्हणालो, "कोण काय नेतं ते मी कोणालाच सांगत नाही. तुम्ही काय नेता ते त्यांनाही सांगणार नाही." अर्धा तास आरडाओरडा करून गेला.

त्यातून एक गोष्ट शिकलो, ती कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. गप्प राहणं तेव्हाच चालतं जेव्हा तुम्ही नेहमीच गप्प राहता. सासूबाई येऊन "सूनबाईंना कसला खोकला झालाय हो?" असं सहज विचारतात तेव्हा मी साधेपणाने सांगत असेन आणि फक्त लपवण्यासारखं काही असताना गप्प बसत असेन, तर माझं गप्प बसणंच सगळं सांगून जातं. म्हणून खोकल्याच्या औषधाचंही सांगायचं नाही. लोक शिष्ट म्हणतात.

पण त्याच्या हातात कोयता असता तर? मी खोटं बोललो असतो, बेधडक. कांटला हे मान्य नाही, मला ठाऊक आहे. इथे मी डब्ल्यू. डी. रॉसचा हात धरतो. १९३० साली या विद्वानाने मांडलं की कर्तव्यं एक नसून अनेक आहेत: दिलेला शब्द पाळणं, केलेलं नुकसान भरून देणं, उपकाराची जाण, न्याय, दुसऱ्याचं भलं करणं, स्वतःला सुधारणं, आणि कोणाला इजा न करणं. ही सगळी प्रथमदर्शनी कर्तव्यं. दोन भिडली तर त्या प्रसंगात कोणतं जड ते माणसाने पाहून ठरवायचं, तराजू कोणी बनवून दिलेला नाही. महत्त्वाचं हे की हरलेलं कर्तव्य संपत नाही, त्याची उधारी राहते. आजीला तपासायला घेऊन गेलो म्हणून मित्राला दिलेली वेळ चुकली, तर आजी बरोबर आणि मित्राची माफीही बरोबर. उधारीच्या वहीत लिहिण्याचा हा दुसरा फायदा.

एक धोका जाता जाता सांगून ठेवतो. 'नियम म्हणजे नियम' म्हणून खिडकी लावून घेणारा माणूस कर्तव्यवादी नसतो. १९६१ साली जेरुसलेममधल्या खटल्यात, लाखो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे धाडण्याची व्यवस्था पाहणाऱ्या आइकमनने कांटचं नाव घेतलं होतं, मी त्याच्या नीतीप्रमाणे जगायचा प्रयत्न केला म्हणून. वरून आलेला हुकूम आणि कर्तव्य यांत त्याने जी गल्लत केली ती लहान प्रमाणात आपणही करतो. कांटचा नियम वरून येत नाही. तो तुम्ही स्वतःच्या बुद्धीने स्वतःला घालून घेता, म्हणून 'साहेबांनी सांगितलं' हे त्यात उत्तरच होऊ शकत नाही.

शेवटचं: बक्षीस काढून टाका आणि पुन्हा बघा

आता तो कोनिग्जबर्गचा दुकानदार. वागणं बरोबर आहे की नाही हे वरच्या कसोट्यांनी कळतं. ते का केलं हे तपासायची माझी रीत अशी: या कामातून मिळणारं कौतुक, धंदा, सुटका, सगळं मनातून वजा करायचं आणि विचारायचं, तरी केलं असतं का? असंच्या असंच?

एका संध्याकाळी स्टॉक मोजताना लक्षात आलं, रक्तदाबाच्या गोळीची ५ मिलिग्रॅमची एक स्ट्रिप जास्त आहे आणि २.५ ची एक कमी. दोन्ही स्ट्रिपा सारख्याच दिसायच्या, फक्त आकडा वेगळा. बिलं चाळली. एका काकूंना तीन दिवसांपूर्वी ५ च्या बिलावर २.५ ची स्ट्रिप गेली होती, माझ्याच हाताने. कोणाला कळायचं कारण नव्हतं. तरी मी स्कूटर काढली, बरोबर स्ट्रिप घेऊन घरी गेलो. इथपर्यंत मी कांटचा आवडता विद्यार्थी.

काकूंनी दार उघडलं. माझ्या तोंडून निघालं, "काकू, कंपनीने लॉट बदललाय, ही जुनी द्या, ही नवी घ्या." सहज निघालं, ठरवलंही नव्हतं. तीन गोळ्या संपल्या होत्या, उरलेल्या सात घेतल्या, दहाची नवी स्ट्रिप दिली, पैसे घेतले नाहीत. काकूंना काही झालं नव्हतं. पुढेही काही झालं नाही.

झालं ते उलटंच. आठ दिवसांत गल्लीभर झालं, "ते मेडिकलवाले बघा, स्वतः घरी येऊन गोळ्या बदलून देतात, असा माणूस मिळायचा नाही." दोन नवी घरं माझ्याकडे लागली. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, अश्वत्थाम्याबद्दल अर्धवट बोलला आणि खाली आला म्हणतात. माझा उलट वर गेला होता.

वहीत वाक्य लिहिलं: 'जेव्हा माझी चूक झाली असेल आणि ती दुरुस्त करता येत असेल, तेव्हा चूक झाली हे न सांगता दुरुस्त करायची, म्हणजे नुकसानही होत नाही आणि नावही राहतं.' परिणाम पाहिले तर यात खोट निघत नाही, सगळ्यांचं भलंच झालंय. पहिली कसोटी लावली: सगळेच औषधवाले असं करू लागले तर 'लॉट बदललाय' म्हणून आलेल्या माणसाकडे बघून प्रत्येक जण घाबरेल. दुसरी लावली: सगळं कळलं असतं तर काकू हो म्हणाल्या असत्या का? गोळ्या बदलायला हो म्हणाल्या असत्या. पण तीन दिवस आपण कमी गोळी खाल्ली हे डॉक्टरांना सांगायचं की नाही, पुढच्या वेळी माझ्याकडे यायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं, ते मी परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि बक्षीस वजा केलं तर? जाणं उरतं, बोलणं उरत नाही.

वाक्य लिहिल्यावर पुन्हा काकूंच्या दारात जायला मला सव्वा महिना लागला. एकदा तर त्यांच्या कोपऱ्यावरून परत फिरलो.

गेलो तेव्हा त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. उभ्या उभ्याच सांगितलं. लॉट वगैरे काही नव्हतं, चुकीची गोळी मी दिली होती, आणि खोटंही मीच बोललो. काकूंनी हातातली शेंग फोडली, दाणे ताटात टाकले.

"मग तवाच सांगायचं की."

"हो."

"आता हायत त्या बरोबर हायत नव्हं?" असं म्हणून आत गेल्या, स्ट्रिप आणली आणि माझ्या हातात दिली. मी आकडा वाचून दाखवला. त्यांनी परत घेतली, दाराच्या उजेडात धरून स्वतः वाचली.

काकू अजून माझ्याकडेच येतात. पण आता दर महिन्याला काउंटरवर चष्मा काढतात, पुसतात, लावतात, आणि स्ट्रिप डोळ्यांपाशी नेऊन मोठ्याने वाचतात, "पाच." मागे पाच-सहा माणसं खोळंबलेली असतात. मग मीही म्हणतो, "पाच." तेव्हा कुठे स्ट्रिप पिशवीत जाते.